एरिका केन, माझा स्टेंट आणि रिहॅबची छत्तीस सेशन्स

परवा सोमवारी, १२ फेब्रुवारीला, माझं कार्डिॲक रिहॅबचं, म्हणजे हृदयाच्या पेशंटना देखरेखीखाली करायला लावतात त्या व्यायामाचं, छत्तिसावं सेशन झालं. शेवटचं. गेल्या ऑक्टोबरात स्टेंट (अरुंद धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसला तेव्हापासून ओळखीतल्या बायका फोन करून विचारतायत की नक्की झालं काय, कळलं कसं, खर्च किती आला, आणि प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं ओळीने लिहून काढते. मी डॉक्टर नाही. हे माझ्या बाबतीत झालेलं आहे, न्यू जर्सीत, माझ्या इन्शुरन्सवर. यात एका अमेरिकन सिरियलच्या नटीबद्दल बरंच येणार आहे. सुझन लुची तिचं नाव, एरिका केन तिचं पात्र. ती नसती तर मी त्या दिवशी दवाखान्यात गेले नसते हे मला पक्कं माहीत आहे, त्यामुळे सुरुवात तिच्यापासूनच करावी लागेल.

मी १९९५ च्या नोव्हेंबरात लग्न होऊन नाशिकहून एडिसनला आले. एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा, त्यावर तेव्हा नोकरी करायची नाही, मला गाडी चालवता येत नाही, नवरा सकाळी सातला गेला की संध्याकाळी सातला येणार. इंग्रजी वाचायला यायचं पण समोरचं माणूस बोलायला लागलं की सगळं डोक्यावरून. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहायच्या, त्यांची लाँड्रीच्या खोलीत ओळख झाली, आणि एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं, म्हणाल्या, बस, माझ्या स्टोरीज लागायची वेळ झाली. इकडच्या जुन्या बायका सिरियलना स्टोरीजच म्हणतात. दुपारी एक वाजता, चॅनल सात, एबीसी, 'ऑल माय चिल्ड्रेन'. पाइन व्हॅली नावाचं पेन्सिल्व्हेनियातलं एक काल्पनिक गाव आणि त्या गावात एरिका केन. पाच फुटांच्या आसपास उंची, काळेभोर केस, मोठे डोळे, आणि ती दारातून आत आली की खोलीतली बाकीची माणसं दिसेनाशी व्हायची.

मला तेव्हा वाटलं ही बाई नवीन असेल. आजी म्हणाल्या, अगं मी हिला पंचवीस वर्षं बघतेय. आणि खरंच होतं ते. सिरियल सुरू झाली ५ जानेवारी १९७० ला, ॲग्नेस निक्सन नावाच्या बाईंनी ती लिहिली आणि उभी केली, आणि त्याच महिन्यात सुझन लुची त्यात आली, वय वर्षं तेवीस. जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या स्कार्सडेलचा, २३ डिसेंबर १९४६, वाढली लाँग आयलंडवर गार्डन सिटीत, मेरीमाउंट कॉलेजातून १९६८ ला नाटकाची पदवी. एरिका तेव्हा शाळेत जाणारी मुलगी दाखवली होती, हट्टी, देखणी, वडील घर सोडून गेलेले. त्या एका जखमेभोवती लुचीने ते पात्र पुढे चाळीस वर्षं विणलं असं मला वाटतं. एरिकाने दहाच्या आसपास लग्नं केली, दुसऱ्यांची मोडली, खोटं बोलली, जंगलात समोर आलेल्या अस्वलालासुद्धा दरडावलं, पण जे केलं ते सगळं ते सोडून गेलेलं पोर अजून आत आहे हे विसरू न देता. लोकांना तिचा राग यायचा आणि तरी ती हरावी असं कुणालाच वाटायचं नाही. हे लिहिणाऱ्याचं जितकं तितकंच करणारीचं काम आहे.

१९७३ मध्ये, ज्या वर्षी इथल्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला त्याच वर्षी, एरिकाने गर्भपात केला. दुपारच्या सिरियलमध्ये, कायदेशीर, आणि तिला मॉडेलिंग करायचं होतं म्हणून. आजी सांगायच्या की त्यांच्या चर्चमधल्या बायका त्यावर आठवडाभर हळू आवाजात बोलत होत्या. २००० मध्ये एरिकाची मुलगी बियांका हिने आईला सांगितलं की मला मुली आवडतात, आणि एरिकाला ते पचवायला किती जड गेलं ते तेव्हा रोज थोडं थोडं दाखवलं. माझी इथल्या समाजाची ओळख ही अशी दुपारी एक ते दोनमध्ये झाली. ९६ च्या जानेवारीत, ७ आणि ८ तारखेला, असा बर्फ पडला की आमच्या बिल्डिंगचं दार उघडेना. त्या हिवाळ्यात एरिका पाठदुखीच्या गोळ्यांच्या आहारी गेल्याचं कथानक चालू होतं. आधी दुखणं, मग गोळ्या, मग लपवालपवी, मग घरच्यांनी समोर बसवून तिला बेटी फोर्ड सेंटर या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवणं. मी आजींच्या सोफ्यावर गोधडी घेऊन बघायचे आणि मला पहिल्यांदा लक्षात आलं की मी मनातल्या मनात भाषांतर करायचं थांबवलंय.

तिच्या बक्षिसाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या टीव्ही कार्यक्रमांचं इथलं मोठं बक्षीस, त्याचं पहिलं नामांकन १९७८ ला. मग पुढची वर्षानुवर्षं नामांकन मिळायचं, ती छान ड्रेस घालून जायची, दुसरीचं नाव पुकारलं की टाळ्या वाजवायची आणि घरी यायची. अठरा वेळा. विनोदी कार्यक्रमांत तिच्या हरण्यावर विनोद व्हायचे, आणि तीही ते हसून घ्यायची. एकोणिसाव्यांदा, २१ मे १९९९ ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या थिएटरमध्ये तिचं नाव पुकारलं आणि अख्खं सभागृह उभं राहिलं, कितीतरी मिनिटं कुणी बसेचना. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची, तिला मांडीवर घेऊन आजी आणि मी बघत होतो, आजी रडत होत्या. लुचीने नवऱ्याचे आणि मुलांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाली की सोमवारी मी परत स्टुडिओत जाणार आणि एरिका केन करणार. मला ते फार आवडलं होतं. मोठं बक्षीस मिळालं आणि डोक्यात काय, तर सोमवारची ड्युटी.

आईला मी फोनवर हे सगळं सांगायचे. ती नाशिकला 'चार दिवस सासूचे' बघायची, रोहिणी हट्टंगडींची आशालता म्हणजे तिच्यासाठी घरचंच माणूस, तीही सिरियल तीन हजारांहून जास्त भाग चालली. मी म्हटलं, आई, आमच्याकडे एकटी बाई चाळीस वर्षं एकच पात्र करतेय, आठवड्याचे पाच दिवस. आई म्हणाली, "मग ती स्वतःचं दुखणंखुपणं कधी बघते गं?" तेव्हा मी हसले होते.

२०११ च्या एप्रिलात चॅनलने सिरियल बंद करणार म्हणून जाहीर केलं आणि २३ सप्टेंबरला एबीसीवर शेवटचा भाग लागला. लुची तेव्हा चौसष्ट वर्षांची. एक्केचाळीस वर्षं. आजी तोवर गेल्या होत्या. मी नोकरी करत होते, रात्री रेकॉर्डिंग लावून एकटीने बघितला.

मग थेट २०१९ चा फेब्रुवारी. टीव्हीवर लुचीची मुलाखत लागली होती, मी पोळ्या लाटत होते. ती सांगत होती की २०१८ च्या ऑक्टोबरात तिला छातीत आवळल्यासारखं झालं, एकदा झालं, गेलं, परत झालं, गेलं, तिने दमणूक म्हणून सोडून दिलं. मग एका दुकानात असताना ते बरगड्यांभोवती फिरून पाठीत गेलं आणि छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटलं, आणि तिला आठवलं की हे शब्द आपण कुठल्यातरी बाईच्या तोंडून टीव्हीवर ऐकलेत. दुकानातल्या बाईने तिला दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅनमध्ये मुख्य धमनीत ९० टक्के ब्लॉकेज, दुसरीत साधारण ७५. दोन स्टेंट. रोज पिलाटीस करणारी, बारीक, एक्काहत्तर वर्षांची बाई. वडिलांकडून आलेलं, म्हणाली, त्यांच्याही रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठायचं. त्यानंतर ती अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 'गो रेड फॉर विमेन' मोहिमेत जाऊन हेच परत परत सांगत राहिली. मी पोळी तव्यावर टाकली आणि विसरून गेले. म्हणजे मला वाटलं विसरले.

आता माझं.

ऑगस्ट २०२३ पासून जिना चढताना धाप लागायची. वय ५४, वजन वाढलेलं, मी म्हटलं चालायला सुरुवात करू या. १९ सप्टेंबरला गणपती बसले. एकवीस मोदकांची उकड मळायची होती, तुम्हाला माहीत आहे, उकड गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून जोर देऊन मळावी लागते नाहीतर पारी फाटते. परातीवर वाकून मळत होते आणि बरगड्यांच्या भोवती कोणीतरी पट्टा घालून एकेक भोक आवळत नेल्यासारखं झालं. दुखणं नाही म्हणता येणार. आवळणं. डाव्या हाताला काही नाही, घाम नाही. पाठीत मध्यभागी एक जड कळ. मी परात तशीच ठेवून स्टुलावर बसले, पाच-सात मिनिटांत गेलं, उठून मोदक केले. कोणाला सांगितलं नाही, घरात पंधरा माणसं जेवायला होती. ओवा आणि काळं मीठ खाल्लं.

२६ सप्टेंबरला फॅमिली डॉक्टरांकडे गेले, तीही अपॉइंटमेंट कोणाची तरी कॅन्सल झाली म्हणून मिळाली. इथे माझी पहिली चूक. मी खोलीत शिरता शिरताच म्हटलं की ॲसिडिटी खूप वाढलीय. डॉक्टरांनी तेच धरलं. ईसीजी काढला, नॉर्मल. ॲसिडिटीची गोळी दिली आणि ताण कमी करा म्हणाले. मी निघताना सहज म्हटलं, माझे वडील छप्पन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेव्हा कुठे त्यांनी कार्डिऑलॉजिस्टचं रेफरल लिहिलं. रेफरल इन्शुरन्सच्या सिस्टिममध्ये दिसायला सहा दिवस, आणि फोन केला तर पहिली तारीख २१ नोव्हेंबर. त्यामुळे सांगते, डॉक्टरांना काय झालंय ते सांगा, ते कशाने झालंय हे आपण ठरवून सांगू नका, आणि घरात कोणाला हृदयाचं काही असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडच्या लोकांना, म्हणजे भारतीय उपखंडातल्यांना, हा आजार लवकरच्या वयात होतो. आणि दूरची तारीख मिळाली तर कॅन्सलेशन लिस्टमध्ये नाव घालायला सांगा, माझं घातलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार. रविवारी घटस्थापना, म्हणून ऑफिसमधून परस्पर ओक ट्री रोडवर गेले, नवरात्राचं सामान, साबुदाणा, भगर, नारळ. नारळाची पिशवी उचलली आणि पट्टा परत आवळला, या वेळी जास्त भोकं. मी तांदळाच्या गोण्यांवर बसले. काउंटरवरच्या गुजराती ताईंनी पाणी आणून दिलं, विचारलं, शुं थयुं बेन? आणि मी तोंड उघडलं गॅस म्हणायला, आणि डोक्यात चार वर्षांपूर्वीचा तो आवाज आला. बरगड्यांभोवतून पाठीत. दुकानात. मी त्या ताईंना म्हटलं, माझ्या हृदयाला काहीतरी झालंय, माझ्या नवऱ्याला फोन लावून द्या.

दुसरी चूक म्हणजे आम्ही ९११ ला फोन केला नाही. नवरा आला आणि त्याने गाडीने नेलं, सतरा मिनिटं. तिथल्या नर्सने नंतर नीट सुनावलं की अँब्युलन्समध्येच ईसीजी निघतो, वाटेत काही झालं तर उपचार करणारी माणसं असतात, गाडीत तुमचा नवरा काय करणार होता. पैशाचा विचार होता आमच्या मनात, खरं सांगते. करू नका तो.

इआरच्या, म्हणजे इमर्जन्सी रूमच्या, खिडकीवर विचारलं काय होतंय, मी म्हटलं, छातीत आवळतंय, पाठीत जातंय, दुसऱ्यांदा झालंय, वडील हार्ट अटॅकने गेले. एवढी चार वाक्यं. दहा मिनिटांच्या आत ईसीजीच्या वायरी लागल्या होत्या. बाहेर माणसं तासन् तास बसली होती. ईसीजी परत नॉर्मल. रक्तात ट्रोपोनिन बघतात, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं, ते काही तासांनी परत बघतात, दोन्ही वेळा ठीक. रात्री अकराला एक तरुण डॉक्टर म्हणाली की अटॅक नाहीये पण तुमची हिस्टरी ऐकून मी तुम्हाला घरी सोडणार नाही. रात्रभर ऑब्झर्व्हेशन. हा शब्द लक्षात ठेवा, इथे ऑब्झर्व्हेशन म्हणजे कागदोपत्री ॲडमिट नव्हे, पलंग तोच, नर्स तीच, पण बिल वेगळ्या खात्यातून लागतं. मी ॲडमिट आहे की ऑब्झर्व्हेशनमध्ये, हे सरळ विचारायचं आणि लिहून ठेवायचं. मी नवऱ्याला एक छोटी वही आणायला लावली, त्यात वेळ, डॉक्टरांचं नाव, काय म्हणाले, सगळं. ती वही पुढे बिलांच्या वेळी सोन्यासारखी कामी आली.

रात्री झोप कुठली. फोनवर तीच मुलाखत शोधली, हेडफोन लावून परत ऐकली. मग तिचं आणखी एक ऐकलं, की २०२२ च्या सुरुवातीला तिला परत त्रास झाला आणि आणखी एक स्टेंट बसवला. आणि त्याच मार्चमध्ये तिचा नवरा, हेल्मुट ह्युबर, गेला. बावन्न वर्षांचा संसार, १९६९ चं लग्न, तिचं सगळं काम तोच सांभाळायचा. त्या रात्री खुर्चीत मान वाकडी करून झोपलेल्या माझ्या नवऱ्याकडे मी बराच वेळ बघत होते.

शुक्रवारी १३ तारखेला सकाळी हृदयाच्या धमन्यांचा सीटी. आधी ठोके कमी करायला गोळी देतात, जिभेखाली नायट्रोची गोळी, त्याने डोकं ठणकतं, मग शिरेतून डाय. डाय जाताना सगळं अंग आतून गरम होतं आणि चड्डी ओली झाल्यासारखं वाटतं, होत नाही, घाबरू नका. डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा किडनीचं काही असेल तर आधी सांगायचं. अकराला रिपोर्ट. एलएडी नावाची पुढची मोठी धमनी, ८० टक्क्यांच्या वर अरुंद. हिला इथे विडोमेकर म्हणतात, विधवा करणारी. मी ते ऐकून गप्प झाले. नावातच धरून चाललेत की हृदय पुरुषाचं असणार.

दुपारी तीनला कॅथ लॅब, जिथे नळी घालून धमनी उघडतात ती खोली. खोली इतकी गार की दात वाजत होते, सांगितलं तर गरम ब्लँकेट देतात, मागायची. उजव्या मनगटातून सुई घातली. पूर्ण झोपवत नाहीत, गुंगी असते, बोलता येतं. समोर मोठा पडदा, त्यावर माझ्याच हृदयाच्या काळ्या फांद्या हलतायत, आणि डॉक्टर म्हणाले, ती बघा. एके ठिकाणी फांदी डमरूसारखी मध्ये बारीक झाली होती. मग म्हणाले आता फुगा फुगवतोय, थोडं जाणवेल. आणि तोच पट्टा. तंतोतंत तोच, मोदकांच्या परातीवरचा, तांदळाच्या गोण्यांवरचा, बरगड्यांतून पाठीत. मी म्हटलं, हेच, हेच होत होतं मला! डॉक्टर म्हणाले, माहीत आहे. काही सेकंदांत सुटला. मला रडू फुटलं, दुखलं म्हणून नाही. दोन महिने मी स्वतःला सांगत होते की काही नाही, आणि ते होतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना दिसलं.

शनिवारी संध्याकाळी घरी. मनगटावर हवेचा पट्टा बांधतात, हळूहळू सैल करतात, आठवडाभर त्या हाताने जड उचलायचं नाही. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन. या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दाताच्या डॉक्टरने सांगितलं तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला विचारायचं, हे मला तिघांनी वेगवेगळं बजावलं. स्टेंटचं कार्ड मिळतं, ते पाकिटात, फोटो फोनमध्ये. रविवारी घट नवऱ्याने बसवले, मुलगी फिलाडेल्फियाहून आली होती, मी कोचावरून सांगत होते माती किती आणि धान्य किती.

आता कागद. न्यू जर्सीत राज्याचा टेम्पररी डिसेबिलिटी इन्शुरन्स असतो, पगारातून त्याचे पैसे कापलेले असतात आणि बऱ्याच जणींना माहीतच नसतं. आठवड्याच्या सरासरी पगाराच्या ८५ टक्के मिळतात, वर मर्यादा आहे. ३० दिवसांत अर्ज करायचा, ऑनलाइन होतो, पण एक भाग डॉक्टरांनी भरायचा असतो आणि तो अकरा दिवस कुठेतरी अडकला, फॅक्स मिळाला नाही म्हणत होते. शेवटी मी छापून हातात नेऊन दिला आणि तिथेच बसून राहिले. मी तीन आठवडे घरी होते. कंपनी मोठी असल्याने एफएमएलए या रजेच्या कायद्यामुळे नोकरीला धक्का नव्हता, पण ती रजा बिनपगारी असते, हे दोन वेगळे अर्ज आहेत, एक केला म्हणजे दुसरा होत नाही.

हॉस्पिटलने लावलेला आकडा ८६ हजार डॉलरच्या वर. पहिला कागद आला तेव्हा नवरा उभ्याचा बसला. त्यावर खाली लिहिलेलं असतं की हे बिल नाही. ते इन्शुरन्सचं पत्रक असतं, त्यावर पैसे भरायचे नाहीत. खरं बिल दवाखान्याकडून येतं, ते आणि पत्रक शेजारी ठेवून जुळवायचं. आमच्या प्लॅनमध्ये माझ्या एकटीसाठी खिशातून भरायच्या पैशांची वर्षाची कमाल मर्यादा ५,५०० डॉलर, ती भरली. त्यातले ४,३८० हॉस्पिटलचे, फोन करून हप्ते मागितले, बिनव्याजी बारा महिने दिले, महिना ३६५. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. मध्येच १,८४० डॉलरचं वेगळं बिल आलं, स्कॅन वाचणारे डॉक्टर म्हणे आमच्या नेटवर्कात नव्हते. २०२२ पासून कायदा आहे, नो सरप्रायझेस ॲक्ट, इमर्जन्सीत गेल्यावर असं वरचं बिल पेशंटवर टाकता येत नाही. मी इन्शुरन्सला फोन करून कायद्याचं नाव घेतलं, वहीतून तारीख-वेळ सांगितली, दोन फोन आणि पाच आठवडे लागले, बिल रद्द झालं. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि कॉलचा नंबर लिहून ठेवा.

रिहॅबच्या मंजुरीला चार आठवडे गेले. १३ नोव्हेंबरला सुरू, सोमवार-बुधवार-शुक्रवार, एकूण छत्तीस. छातीला पॅच लावून ट्रेडमिल, सायकल, मध्ये मध्ये बीपी. डिसेंबरअखेर एकोणीस झाली, मर्यादा भरलेली असल्याने फुकट, आणि १ जानेवारीला इन्शुरन्सचं वर्ष नवं झालं, तिथून दर खेपेला ३० डॉलर, सतरा वेळा, म्हणजे ५१०. हे आधी कळलं असतं तर मंजुरीसाठी रोज फोन केला असता. तरी सांगते, रिहॅब सोडू नका. पहिल्या दिवशी मी सहा मिनिटांत हँडल घट्ट धरून थांबले, भीतीने. छाती जरा हलली तरी वाटायचं आला पट्टा. समोर पडद्यावर आपले ठोके आणि ते बघणारी नर्स, याने जो धीर येतो तो घरच्या ट्रेडमिलवर येत नाही.

खोलीत आम्ही दोघीच बायका. शेजारच्या ट्रेडमिलवरच्या बाई ७४ वर्षांच्या, बायपास झालेल्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं गं? मी म्हटलं, सुझन लुचीमुळे. त्यांनी लाल बटण दाबून ट्रेडमिल थांबवला. नर्स धावत आली, काय झालं म्हणून. बाई म्हणाल्या, काही नाही, हिने एरिका केनचं नाव घेतलं. सकाळच्या आणि दुपारच्या बसफेऱ्यांच्या मध्ये घरी येऊन त्या एक वाजताचा भाग बघायच्या, नाहीच जमलं तर व्हीएचएसवर रेकॉर्ड. अस्वलाचा भाग, गोळ्यांचा, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांना आधी थकवाच आला होता नुसता, चार महिने, आणि त्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

१५ डिसेंबरला, शुक्रवारी, लुचीला डेटाइम एमीचा जीवनगौरव मिळाला. सत्त्याहत्तरी आठ दिवसांवर आलेली. आम्ही आपापल्या घरी बघितलं आणि सोमवारी वीस मिनिटं चालताना फक्त त्यावरच बोललो, ड्रेस, तिचं ताठ उभं राहणं, नवरा आज हवा होता हे. घड्याळ बघायचं राहूनच गेलं. नर्स येऊन म्हणाली, अगं तुझी वेळ कधीच संपली, तू पाच मिनिटं जास्त चाललीस.

शेजारच्या बाईंची सेशन्स जानेवारीत संपली, माझी परवा. मॉलमध्ये आतल्या आत चालता येतं, थंडी लागत नाही, बसायला बाकं असतात आणि दुकानांत माणसं असतात, असं नर्सनेच सुचवलं होतं. येत्या बुधवारपासून आम्ही दोघींनी जायचं ठरलंय, माझ्या लंच ब्रेकमध्ये. वेळ त्यांनी ठरवली, दुपारी एक.